ऑलवेज ऑन माय माइंड

अमेरिकी कंट्री (ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या) संगीतातील एक प्रसिद्ध विरहगीत. वेन कार्सन, जॉनी क्रिस्टोफर आणि मार्क जेम्स या तिघांची ही रचना. १९७२ मध्ये ग्वेन मॅक्रे, ब्रेंडा ली आणि एल्विस प्रेस्ली यांच्या आवाजांत ते लागोपाठ ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आले. कंट्री गीत म्हणून त्याला आज जे स्थान आहे, ते मात्र कंट्री गायक विली नेल्सन यांच्या १९८२ च्या गायनाने मिळवून दिले.

कंट्री संगीतात ताटातुटीची कारणे बहुधा ठसठशीत असतात : दारू, परस्त्री, भटकंती, मृत्यू. या गीतात तसे काहीच घडलेले नाही. गाणारा आपल्या जोडीदाराला सांगतो ते सगळे राहून गेलेल्या गोष्टींबद्दल आहे. ती एकटी असताना तो जवळ बसला नाही. ती आपली आहे याचा आनंद त्याने कधी बोलून दाखवला नाही. लहानसहान गोष्टींना त्याने वेळ दिला नाही. तिला दुय्यम वाटू दिले. यातली एकही चूक इतकी मोठी नाही की तिच्यावरून भांडण व्हावे, आणि म्हणूनच ही रुखरुख ऐकणाऱ्याला आपल्या घरातली वाटते.

कबुलीची सुरुवातच ‘कदाचित’ने होते. चूक पदरात घेतानाही गाणारा थोडा आडोसा धरून बोलतो. कडव्याच्या शेवटी पालुपद येते : तू सतत माझ्या मनात होतीस. हे सांत्वन आहे की सबब, याचा निर्णय गीत देत नाही. ते मनातले प्रेम तिला कळायला मात्र काही मार्ग नव्हता, आणि गीतातले सारे दुःख तिथे आहे.

कार्सन यांच्याकडे सुरुवातीला दोन कडवी होती. मेम्फिसमधील निर्माते चिप्स मोमन यांनी मधला एक भाग हवाच, असा आग्रह धरला. क्रिस्टोफर आणि जेम्स यांच्या मदतीने तो रचला गेला. तुझे प्रेम अजून संपलेले नाही असे सांग, मला आणखी एक संधी दे, अशी विनवणी त्यात आहे. मोमन यांचा आग्रह योग्यच होता. तोवर मागे वळून पाहणारे गीत इथे पहिल्यांदा तिच्याकडून काही मागते.

प्रेस्ली यांनी हे गीत २९ मार्च १९७२ रोजी हॉलिवूडमध्ये गायले. पत्नी प्रिसिला यांच्यापासून ते नुकतेच वेगळे झाले होते. त्यामुळे शब्द दुसऱ्यांचे असूनही श्रोत्यांनी ते त्यांचे आत्मकथनच मानले. अमेरिकेत ते ‘सेपरेट वेज’ या गीताच्या तबकडीच्या मागच्या बाजूला होते; ब्रिटनमध्ये मात्र त्यालाच मुख्य गीताचा मान मिळाला.

नेल्सन यांच्याकडे ते आले कंट्री गायक मर्ल हॅगार्ड यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी. हॅगार्ड यांना ते फारसे रुचले नाही, तेव्हा नेल्सन एकटेच गायले. निर्माते पुन्हा चिप्स मोमन. नेल्सन यांची शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवण्याची लकब या गीताला जणू जन्मजात असावी इतकी शोभते : बोलायला उशीर झालेला माणूस गातानाही उशिरा पोहोचतो. आवाज चढत नाही, रडवेला होत नाही. प्रेस्ली यांच्या गायनातला आवेग मोठा आहे, पण पश्चात्ताप नेल्सन यांच्या साधेपणात अधिक खरा वाटतो. हे ध्वनिमुद्रण ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या लोकप्रिय गीतांच्या कंट्री यादीत पहिल्या आणि सर्वसाधारण यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचले. १९८३ च्या सोहळ्यात त्याला वर्षातील सर्वोत्तम गीताच्या ग्रॅमीसह तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. कंट्री म्युझिक असोसिएशननेही १९८२ आणि १९८३ अशी दोन्ही वर्षे त्याला सर्वोत्तम गीत ठरवले.

१९८७ मध्ये प्रेस्ली यांच्या दहाव्या स्मृतिवर्षानिमित्त झालेल्या ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी पेट शॉप बॉइज या जोडीने ते जलद नृत्यलयीत बसवले, आणि त्या वर्षीच्या नाताळात ते ब्रिटनमध्ये अव्वल ठरले. वरवर पाहता ही चाल मूळ भावाच्या अगदी उलट वाटते. पण गीत विरत जाताना गायक नील टेनंट सुरुवातीच्या एका ओळीचा फक्त आरंभ म्हणतात आणि पुढचे शब्द गाळतात. मूळ ओळीत कदाचित प्रेम पुरेसे केले नाही, असे होते. इथे उरते ते एवढेच, की कदाचित माझे तुझ्यावर प्रेम नव्हतेच.