ॲम्प बदलू की स्पीकर? आधी हे वाचा, मग दुकानात या

दिवाळीचा बोनस हातात आला की दुकानात आणि व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न सुरू होतो, बजेट अमुक आहे, ॲम्प (स्पीकर वाजवायला पॉवर देणारा ॲम्प्लिफायर) घेऊ का स्पीकर घेऊ. एका शब्दात उत्तर हवं असेल तर स्पीकर. पण सगळ्यांनाच ते लागू पडत नाही आणि काउंटरवर प्रत्येकाला वेगळं समजावत बसलो की मागे रिपेअरिंगचा ढीग साचतो, म्हणून हे छापून घेतलंय, एक घरी न्या.

स्पीकर आधी का, तर बऱ्यापैकी कंपनीचा कुठलाही चालू ॲम्प आवाजात जेवढी भेसळ करतो त्याच्या कितीतरी पट भेसळ स्पीकर करतो, विशेषतः खालच्या सुरांत. एकाच ॲम्पवर दोन वेगळे स्पीकर लावून डग्ग्याची घुमक ऐका, स्वयंपाकघरातून आजीसुद्धा फरक सांगेल. दोन चांगले ॲम्प सारख्या आवाजावर ठेवून ऐकले तर मात्र भलेभले गोंधळतात.

वॉटचं खूळ आधी डोक्यातून काढा. ५० वॉटच्या जागी १०० वॉटचा ॲम्प आणला तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो, म्हणजे व्हॉल्यूम जरासा फिरवल्यासारखं. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. उलट ८५ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती जोरात वाजतो) स्पीकर काढून ९१ चे लावले तर तुमचा आहे तोच ॲम्प चौपट वॉटचा असल्यासारखा वाजतो, हा आकडा स्पीकरच्या मागे नाहीतर माहितीपुस्तकात असतो, तो बघा. आणि खोक्यावरचे पीएमपीओचे (क्षणभराचा फुगवलेला आकडा) हजारो वॉट वाचूच नका, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॉट, किती ते विचारा.

आता ज्याच्यात तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो ते. लोक घरी बसूनच ठरवतात की ॲम्प गेलाय आणि स्कूटरवर पुढे ठेवून एकटा ॲम्प घेऊन येतात. आम्ही तो आमच्या स्पीकरला जोडतो, मस्त वाजतो, मग गिऱ्हाईक म्हणतं घरी नाही हो असा वाजत, परत नेतात, पुढच्या रविवारी स्पीकर आणतात, मग कळतं की वूफरच्या (खालचे सूर वाजवणारा मोठा गोल) कडेचं फोम कुजलंय. काहीजण तर तेवढ्यात दुसरीकडून नवा ॲम्प घेऊन मोकळे होतात आणि नव्या ॲम्पवर तीच जुनी फरफर ऐकत बसतात. आपल्या दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत ते फोम जातंच, बोटाने हलकं दाबलं तर भुगा पडतो. मॅग्नेट, कॉइल ठीक असेल तर नुसतं फोम बदलून मिळतं, नव्या स्पीकरच्या मानाने खर्च काहीच नाही.

म्हणून घरीच एवढं करा. ॲम्प बंद करून, परत सांगतो बंद करून, मागे डावीकडची स्पीकर वायर उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे लावा, मग चालू करा. बिघाड त्याच स्पीकरमध्ये राहिला तर दोष स्पीकरचा नाहीतर त्याच्या वायरचा. दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर स्पीकर निर्दोष. मग ॲम्प परत बंद करून सीडी प्लेअरच्या किंवा जिथून गाणं येतं तिथल्या डाव्या-उजव्या पिना ॲम्पच्या बाजूने अदलाबदल करा, आता बिघाड परत फिरला तर घोळ प्लेअर नाहीतर पिनेच्या वायरचा, नाही फिरला तर ॲम्प आमच्याकडे आणा. पाच मिनिटांचं काम आहे पण करत कोणी नाही.

बेस नाही अशी तक्रार असेल तर आधी लाल-काळी वायर बघा. एका स्पीकरची उलटी लागली की बेस गायब होतो. जुनं मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं) गाणं लावून दोन्हींच्या बरोबर मध्ये बसा, गायकाचा आवाज मधून यायला पाहिजे, सगळीकडे पसरल्यासारखा वाटला तर वायर उलटी आहे. यासाठी लोक सबवूफर घ्यायला आलेत, आम्ही विकला नाही.

ॲम्प खरंच कधी बदलायचा? ४ ओहमचे (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, आकडा जितका कमी तितका ॲम्पवर ताण जास्त) स्पीकर आहेत आणि ॲम्पच्या मागे कमीत कमी ८ लिहिलंय, किंवा ८ ओहमच्या दोन जोड्या एकाच वेळी वाजवता (एका चॅनलवर, म्हणजे डाव्या किंवा उजव्या बाजूवर, दोन मिळून ४ च होतात) आणि ॲम्प तापून बंद पडतो, तेव्हा. हॉल मोठा, स्पीकर जड चालणारे (कमी सेन्सिटिव्हिटीचे) आणि व्हॉल्यूम चढवल्यावर आवाज फाटतो, तेव्हाही. फाटलेल्या आवाजावर तसंच रेटत राहिलात तर ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा गोल) जळतो, छोटा ॲम्प म्हणजे सेफ असं काही नाही. पण व्हॉल्यूम फिरवताना नुसती खरखर येत असेल तर बहुतेक वेळा बटणाची साफसफाई पुरते, त्यासाठी नवा घेऊ नका.

तपासणीचे ३०० रुपये घेतो त्यावर कुरकुर होते. ॲम्प उघडून, तापेपर्यंत वाजवून बघायला अर्धा दिवस जातो हो, आणि रिपेअर किंवा खरेदी केलीत तर बिलातून वळते करतो. ऑनलाइन भावाशी आम्ही स्पर्धा करत नाही, पण डिपॉझिट ठेवून शनिवार-रविवार स्पीकर घरी ट्रायलला देतो, कारण आमच्या पडदे लावलेल्या खोलीत जे ऐकू येतं ते तुमच्या टाइल्स आणि काचेच्या हॉलमध्ये येईलच असं नाही. त्याआधी आहेत ते स्पीकर शोकेसच्या कप्प्यातून बाहेर काढा, भिंतीपासून फूटभर पुढे, ट्वीटर कानाच्या उंचीला, खाली सतरंजी. एवढ्यावर समाधान झालं तर पैसे वाचले, आमची हरकत नाही.

येताना ॲम्प, दोन्ही स्पीकर आणि घरचीच वायर आणा. सगळं आणणं शक्य नसेल तर दोन्हींच्या मागच्या बाजूचे फोटो आधी पाठवा. आणि सोडवायच्या आधी लाल-काळी कुठे होती त्याचाही एक फोटो काढून ठेवा.