मोठेपणी बर्फावर: नव्या प्रौढ सभासदांसाठी माहितीपत्रक

प्रौढ व्यक्ती आमच्या फिगर स्केटिंग क्लबमध्ये चौकशीला येते तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: या वयात जमेल का? जमतं. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने २००५ साली जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फ इथे खास प्रौढांसाठी स्पर्धा सुरू केली. तिची किमान वयोमर्यादा २८ वर्षं आहे आणि तिथे साठी ओलांडलेले स्पर्धकही उतरतात. अर्थात स्पर्धेत उतरायलाच हवं असं मुळीच नाही. आमच्याकडे प्रौढ सभासद म्हणजे मुलांना सोडायला आलेले पालक नव्हेत. तो पूर्ण सभासद असतो: सरावाची वेळ, प्रशिक्षक आणि सादरीकरणाची संधी त्यालाही तितकीच.

मात्र मोठ्यांना शिकवण्याचा क्रम आम्ही वेगळा ठेवला आहे. मूल पडतं ते कमी उंचीवरून, हलक्या अंगाने, आणि लगेच उठून पळतं. मोठा माणूस जास्त उंचीवरून, जास्त वजनानिशी पडतो, आणि त्या पडण्याची भीती त्याच्या गुडघ्यांत उतरते. गुडघे ताठ झाले की तोल जातो, तोल गेला की भीती वाढते. हे चक्र तोडल्याशिवाय पुढचं काही शिकवून उपयोग नाही. म्हणून आधी पडणं, मग बूट, मग कडा (ब्लेडच्या तळाच्या दोन धारदार बाजू), आणि गिरक्या-उड्या त्यानंतर.

पडायचं कसं, उठायचं कसं

पहिल्याच तासात हे शिकवतो, तेही आधी जमिनीवर, गादी टाकून. तोल जातोय असं वाटलं की गुडघे आणखी वाकवा, खाली बसल्यासारखे व्हा आणि एका बाजूला, मांडीच्या व नितंबाच्या मांसल भागावर घसरत जा. हनुवटी छातीशी आणा, म्हणजे मागे पडलात तरी डोकं आपटणार नाही. हात मागे टेकून स्वतःला सावरू नका. नवख्या प्रौढांचं मनगट मोडतं ते बहुतेक वेळा याच चुकीमुळे, कारण सगळं वजन ताठ हातावर येतं. पडल्यावर मुठी मिटून घ्या आणि पटकन उठा. बर्फावर पसरलेल्या बोटांवरून दुसऱ्याचं ब्लेड जाऊ शकतं.

उठताना आधी दोन्ही गुडघ्यांवर या. एक पाऊल दोन हातांच्या मध्ये ठेवा, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबा आणि वर या. दोन्ही पाय एकदम टेकून उठायला गेलात तर स्केट पुढे निसटतील.

सुरुवातीचे काही महिने हेल्मेट, मनगटाचे रक्षक आणि गुडघ्यांचे पॅड वापरा. कपड्यांच्या आत घालायचे नितंबाचे पॅडही मिळतात. ते घातलेला माणूस गुडघे मोकळेपणाने वाकवतो, हाच त्यांचा मोठा फायदा. हाडांचा ठिसूळपणा, रक्त पातळ करणारी औषधं, चक्कर येण्याचा त्रास, गरोदरपण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि प्रशिक्षकालाही सांगा.

बूट

‘माझे घोटेच कमजोर आहेत’ असं म्हणणाऱ्या दहांपैकी बहुतेकांचे घोटे ठीक असतात, बूट चुकीचा असतो. मऊ, स्वस्त बुटात घोटा आतल्या बाजूला कलतो आणि माणूस कायम ब्लेडच्या आतल्या कडेवर उभा राहतो. पण उलटी चूकही तितकीच वाईट. दुहेरी-तिहेरी उड्यांसाठी बनवलेला कडक बूट नवख्याने घेतला तर घोटा वाकतच नाही, आणि घोटा वाकला नाही तर गुडघाही वाकत नाही. मोठ्यांचं वजन मुलांपेक्षा जास्त, त्यामुळे त्यांना मुलांच्या पहिल्या बुटापेक्षा थोडा कडक बूट लागतो, एवढंच.

माप उभं राहून, पायावर वजन टाकून, मिलिमीटरमध्ये घ्या. रोजच्या बुटाचा नंबर इथे चालत नाही. स्केटचा बूट बहुधा त्यापेक्षा एक ते दीड नंबर लहान येतो. पातळ, एकच मोजा घालून तपासा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढच्या टोकाला हलकेच लागावीत, गुडघा वाकवल्यावर मागे सरकावीत. टाच मात्र अजिबात उचलली जाता कामा नये. जाड मोजे घालून मोठा बूट ‘भरून काढण्याचा’ प्रयत्न करू नका. आत पाय सरकतो आणि ब्लेडवरचा ताबा जातो.

नाडी तीन टप्प्यांत बांधा. बोटांकडे सैल, घोट्याच्या घडीपाशी सर्वांत घट्ट, वरच्या हुकांवर जरा सैल, एक बोट आत जाईल इतकी. पहिल्या दहा मिनिटांत तळपाय जळजळू लागला तर बहुधा दोनच कारणं असतात. एक तर मधल्या भागात नाडी फार आवळलेली असते, नाहीतर भीतीने बोटं आत आखडून धरलेली असतात. घोट्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बुटाची जीभ बाजूला सरकली आहे का ते पाहा. घोट्याच्या हाडावर गाठ येऊ लागली तर दुर्लक्ष करू नका. तेवढ्या जागी बूट आतून फुगवून घेता येतो आणि जेलची पट्टीही लावता येते.

ब्लेड

ब्लेड सुमारे ४ मिलिमीटर जाड असतं, पण ते सुरीसारखं नसतं. त्याच्या तळाला लांबीभर एक उथळ खोबण असते. त्या खोबणीच्या दोन बाजू म्हणजे आतली आणि बाहेरची कड. फिगर स्केटिंगमधली जवळजवळ प्रत्येक हालचाल यांपैकी एका कडेवर होते. खोबण जितकी खोल तितकी कड बर्फाला जास्त पकडते. साधारण १३ मिलिमीटर त्रिज्येची खोबण खूप ठिकाणी वापरतात. वजनदार प्रौढाला १६ मिलिमीटरची, म्हणजे जरा उथळ खोबण जास्त सोयीची पडते, कारण थांबताना पाय अडखळत नाही.

नवं ब्लेड आणल्यावर तसंच वापरू नका, आधी धार लावून घ्या. त्यानंतर सरावाच्या साधारण २० ते ३० तासांनी पुन्हा. धार सम आहे का हे घरीच पाहता येतं. स्केट उलटा धरा, दोन्ही कडांवर एक नाणं आडवं ठेवा आणि समोरून बघा. नाणं ब्लेडशी काटकोनात दिसायला हवं. तिरपं दिसलं तर एक कड उंच राहिली आहे, आणि तुम्ही कितीही नीट उभे राहिलात तरी एकाच बाजूला ओढले जाल. पुढचे दाते, म्हणजे टो-पिक, धार लावताना घासू देऊ नका. ते गेले की ब्लेडचा तोलच बदलतो.

एका पायावर घसरताना तुम्ही सतत आतल्या बाजूला पडत असाल आणि धार सम असेल, तर ब्लेडची जागा तपासायला हवी. सुरुवातीला ब्लेड मोजक्या स्क्रूंवर, लांबट भोकांतून बसवतात ते यासाठीच. ब्लेड दोन-तीन मिलिमीटर आत सरकवलं तर बराच फरक पडतो. काही आठवडे पाहून मगच कायमचे स्क्रू बसवा.

बर्फाबाहेर चालताना कडक गार्ड, पिशवीत ठेवताना कापडी कव्हर. यांची अदलाबदल झाली तर ब्लेड गंजतं, कारण कडक गार्डमध्ये पाणी साचून राहतं. दर वेळी ब्लेड पुसा, स्क्रूंच्या आसपासही.

पहिले तीन महिने

आधी जागच्या जागी पावलं, मग दोन्ही पायांवर घसरणं, मग स्विझल. स्विझल म्हणजे टाचा जुळवून पाय बाहेर नेणं आणि चवडे आत वळवून पुन्हा जवळ आणणं, बर्फावर माशाच्या आकाराची खूण उमटवत. यात पाय उचलावा लागत नाही आणि गुडघे वाकवणं मात्र भाग पडतं, म्हणून प्रौढांसाठी हा सर्वांत कामाचा सराव आहे. पुढे आणि मागे दोन्ही दिशांनी भरपूर करा.

थांबण्यात नवखा हमखास फसतो. तो पाय बाहेर रेटतो खरा, पण सगळं वजन आतल्या कडेवर टाकतो. कड बर्फात रुतते आणि पाय वेडावाकडा जातो. ब्लेड जवळजवळ सपाट ठेवा, गुडघा वाकवा आणि बर्फावरचा वरवरचा चुरा खरवडल्यासारखं हलक्या दाबाने पाय बाहेर सरकवा. कठड्याला धरून एका जागी हेच आधी पन्नास वेळा करा.

ढकलताना टो-पिकने ढकलू नका. पाय बाजूला, संपूर्ण कडेने ढकला. खाली पायांकडे पाहिलं की डोकं पुढे येतं, वजन चवड्यावर जातं आणि दाते बर्फात अडकतात. नजर समोर, वजन पायाच्या मधोमध. मागे जाताना आणि वळताना मात्र वजन चवड्याच्या उंचवट्याखाली असावं लागतं. थ्री-टर्न, म्हणजे एकाच पायावर पुढून मागे वळणं, नेमकं इथेच बिघडतं. आधी खांदे वळतात, मग कंबर, आणि वळण झाल्याक्षणी खांदे उलट दिशेने रोखावे लागतात. रोखलं नाही तर शरीर गोल फिरतच राहतं.

आठवड्यातून पाऊण तासाची दोन सत्रं एका लांब सत्रापेक्षा बरी. आधी दहा मिनिटं बर्फाबाहेर अंग गरम करा. गिरकीचा सराव सुरुवातीला एका सत्रात पाच-सहा वेळांपुरताच ठेवा. मोठ्यांना गरगरणं सवयीचं व्हायला वेळ लागतो. उड्या कधी शिकायच्या, शिकायच्या का, हे तुम्ही आणि प्रशिक्षक मिळून ठरवा. उडीनंतर टेकताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार एका पायावर येतो, त्यामुळे मागे जाताना बाहेरच्या कडेवरचा तोल पक्का झाल्याशिवाय आम्ही उड्या सुरू करत नाही.

ज्यांना उड्या नको आहेत त्यांना आम्ही मनापासून एक गोष्ट सुचवतो: आकृत्या. या खेळाच्या नावातला ‘फिगर’ म्हणजे बर्फावर ब्लेडने कोरलेली आकृती, मुख्यतः इंग्रजी आठ. १९९० पर्यंत जागतिक स्पर्धांमध्ये त्यांना गुण होते, नंतर त्या वगळल्या. एका कडेवर एक वर्तुळ, मग दुसऱ्या पायावर दुसरं, आणि पुन्हा त्याच रेषेवरून जायचं. वेग कमी, धोका कमी, आणि चूक झाली तर ती बर्फावर स्पष्ट दिसते. धीराने, बारकाईने काम करणाऱ्या प्रौढाला याची गोडी लागली की त्याच्या कडा झपाट्याने सुधारतात.

बर्फावरचे संकेत

ज्याचं संगीत चालू आहे त्याला पहिली वाट द्या, नंतर प्रशिक्षकासोबत शिकत असलेल्याला. मागे जाण्यापूर्वी खांद्यावरून पाहा. मधोमध उभं राहून बोलू नका, बोलायचं तर कठड्यापाशी या. रिंकच्या टोकाचे कोपरे लुट्झ उडीसाठी वापरले जातात. तिथे मागे सरकत येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, त्यामुळे रेंगाळू नका. यंत्राने बर्फ नवा केल्यावर पाणी गोठेपर्यंत आत जाऊ नका. लहान मुलं वेगात जवळून गेली तर थबकू नका. आपल्या रेषेत चालत राहा, ती तुमच्या रेषेचा अंदाज घेऊनच वळतात.

पहिल्या दिवशी

हातमोजे, अंगासरशी लांब पँट, पातळ मोजे आणि पुसायला फडकं आणा. लोंबणारा स्कार्फ आणि मागच्या खिशातला मोबाइल नको. वेळेच्या तीस मिनिटं आधी या. माप घेणं, नाडी बांधणं आणि गादीवर पडण्याचा सराव यात ती जातात. पहिली चार सत्रं एक जुना प्रौढ सभासद तुमच्याबरोबर बर्फावर असेल. काही विचारायचं असेल तर त्याला तिथेच विचारा.