नटचित्रांतील चिन्हसंकेत, जपानी

काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातील नटांच्या काष्ठठसा मुद्राचित्रांत (याकुशा-ए) नट व भूमिका ओळखण्याच्या खुणा. सतराव्या शतकाच्या अखेरीस एदो (सध्याचे टोकियो) येथे तोरिई या चित्रकार घराण्याने हा चित्रप्रकार रुजविला. सुरुवातीचे चेहरे एकाच साच्यातले; त्यामुळे नट ओळखायचा तो बाहीवरील कुलचिन्हावरून (मोन). सु. १७७० मध्ये कात्सुकावा शुन्शो व इप्पित्सुसाई बुन्चो या चित्रकारांनी चेहऱ्यात साम्य आणले, तरी मोन टिकून राहिले.

इचिकावा दांजूरो या नटघराण्याचे मोन ‘मिमासु’ म्हणजे एकात एक बसविलेली धान्याची तीन चौकोनी मापे, वरून पाहिल्यासारखी. त्याच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. पहिल्या दांजूरोला रंगभूमीवरील पदार्पणाच्या वेळी अशी मापे भेट मिळाली, ही कथा अधिक प्रचलित आहे. दुसऱ्या मताने, फुवा बान्झाएमोन या पात्राच्या वेशावरील विजेच्या काटकोनी रेषांतून हे चिन्ह निघाले. भेटीची कथा मागाहून जुळविलेली असणे शक्य आहे. वेशभूषेशी नाते सांगणारे मत त्यामानाने सयुक्तिक वाटते. ‘मासु’ म्हणजे माप आणि ‘वृद्धी होणे’ही, हा श्लेष दोन्हींना पोषकच. ‘शिबाराकु’ या काबुकी नाटकातील नायकाच्या तांबूस-पिवळ्या अवाढव्य बाह्यांवर हेच चिन्ह असते, म्हणजे पात्राच्या अंगावर नटाचे चिन्ह. ते पात्राचे कुलचिन्ह समजण्याची चूक नवख्यांकडून हमखास होते.

रंगलेपनात (कुमादोरी) तांबडे पट्टे शौर्याचे, निळे दुष्टत्वाचे, तपकिरी अमानुष पात्रांचे. स्त्रीपार्टी नटाच्या कपाळावर जांभळा रुमाल असतो. १६५२ मध्ये तरुण नटांच्या काबुकीवर बंदी आली व पुढचे केस काढणे भाग पडले. तो भाग झाकण्यासाठी हा रुमाल आला. अठराव्या शतकातील प्रतींत तो पुष्कळदा मातकट दिसतो. जांभळा रंग करडईचा तांबडा व त्सुयुकुसा फुलांचा निळा मिसळून करीत. त्यातला निळा उजेडाने व ओलाव्याने उडतो. रंग पाहून भूमिका ठरविण्याआधी घडीत झाकलेला भाग तपासावा.

१८४२ च्या तेम्पो काळातील सरकारी निर्बंधांनी नटचित्रांवर बंदी घातली. त्यानंतरच्या काही चित्रांत नाव व मोन दोन्ही गाळलेले आढळतात, ओळख चेहऱ्यावरच.

नटाच्या निधनानंतर काढलेल्या मृत्युचित्रांत (शिनी-ए) फिका निळा वेश, जपमाळ व शिकिमी या सदाहरित झाडाची डहाळी असते. आठवा दांजूरो १८५४ मध्ये ओसाका येथे आत्महत्येने वारला, तेव्हा अशी शंभराहून अधिक चित्रे निघाली. ती घाईत छापलेली, बरीचशी बिनसहीची असल्याने त्यांवरील वय व तिथी इतर साधनांशी ताडून घ्यावी लागते.