पार्श्वभूमी : अमेरिकन विनोदपट आणि समीक्षकांची कुरकुर

मूकपट आणि १९३०-४० च्या दशकांतले झटपट संवादांचे विनोदपट समीक्षकांना कायमच प्रिय, त्यामुळे ते बाजूला ठेवू. आजची कुरकुर २००५ च्या आसपास आलेल्या विनोदपटांच्या लाटेपासूनची आहे. नटांना सेटवरच संवाद सुचतील तसे बोलू द्यायचे आणि त्यातलं निवडक संकलनात ठेवायचं, ही पद्धत तेव्हा रुळली. संवादांत जान आली, पण सिनेमे लांबले. 'नॉक्ड अप' (२००७) तर दोन तासांच्याही पुढे गेला. २०१४ मधल्या एका गाजलेल्या व्हिडिओ-निबंधाने यावरच बोट ठेवलं: कॅमेऱ्यातून, चौकटीतून, आवाजातून हसवायचं सोडून इथे माणसं समोरासमोर उभी राहून नुसती बोलतात. आक्षेप रास्त, पण सरसकट. 'ब्राइड्समेड्स' (२०११) मधला विमानातला प्रसंग आठवा. गोळ्या आणि दारू चढलेली नायिका पडदा सारून पुन्हापुन्हा महागड्या वर्गात घुसते, आणि दर खेपेला तिला परत धाडलं जातं. हे नुसत्या बोलण्यावर चालत नाही. या सिनेमाला ऑस्करची दोन नामांकनंही मिळाली.

विनोदपट कशाला म्हणायचं याचा खरा घोळ मात्र गोल्डन ग्लोब या अमेरिकन चित्रपट-पुरस्काराने घातला. तिथे १९५० च्या दशकापासून गंभीर चित्रपट एका विभागात आणि संगीतप्रधान किंवा विनोदी दुसऱ्या. कुठे उतरायचं हे आधी निर्माते सुचवतात, आणि दुसऱ्या विभागात स्पर्धा सहसा सोपी. मंगळावर एकट्या अडकलेल्या माणसाची गोष्ट सांगणाऱ्या 'द मार्शियन'ने २०१६ च्या जानेवारीत विनोदी विभाग जिंकला, तेव्हा हसं झालं ते पुरस्काराचं. त्याच वर्षी नियम बदलला: विनोदाची छटा असलेला गंभीर चित्रपट हा गंभीरच धरायचा. तरीही पुढच्याच वर्षीचा 'गेट आउट' विनोदी विभागात गेला. गोऱ्यांच्या घरात सापडलेल्या काळ्या तरुणाची ती भयकथा. तिला विनोदी ठरवल्यावर लोक चिडले, आणि दिग्दर्शकाने तर हा माहितीपट असल्याचा टोला हाणला. परीक्षकांनी नाकारता येणारा अर्ज स्वीकारला, हे माझ्या मते अक्षम्य. ऑस्करमध्ये त्याच सिनेमाने मूळ पटकथेचा पुरस्कार घेतला.

दरम्यान मध्यम खर्चाचे विनोदपट चित्रगृहांतून ओटीटीकडे सरकले आणि समीक्षकांच्या वाट्याला चर्चा करण्याजोगे थोडेच उरले. २०२४ चा 'अनोरा' याच विनोदी विभागात उतरला, हरला, आणि दोन महिन्यांनी ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. ऑस्करमध्ये विनोदाचा वेगळा विभाग नाही.