रेगे पडद्यावर येण्याआधी

जमैकाच्या सिनेमात रेगे हे तिथलं संगीत आलं, त्याच्या आधी सिनेमाच तिथल्या गाण्यांत शिरला होता. साठच्या दशकात किंग्स्टनच्या थिएटरांत काउबॉयपट जोरात चालत. डेस्मंड डेकरने १९६७ मध्ये गल्लीतल्या दांडगट पोरांवर गाणं केलं, तर त्याला नाव दिलं जेम्स बाँडचं, ‘००७’. १९६९ मध्ये ली पेरीच्या ‘अपसेटर्स’ बँडचं ‘रिटर्न ऑफ जँगो’ ब्रिटनमधल्या विक्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. हा जँगो इटालियन वेस्टर्नमधला. पुढे डीजे मंडळींनी (म्हणजे रेकॉर्डच्या ठेक्यावर बोलत गाणाऱ्यांनी) ‘क्लिंट ईस्टवुड’, ‘जोझी वेल्स’ अशी थेट पडद्यावरचीच नावं घेतली.

दिग्दर्शक पेरी हेन्झेलने हे बरोबर हेरलं होतं. त्याचा ‘द हार्डर दे कम’ १९७२ मध्ये आला. देश स्वतंत्र होऊन दहा वर्षं होत होती. कथेचं मूळ मात्र १९४८ चं. ‘राइगिंग’ या नावाने दहशत बसवलेला आयव्हनहो मार्टिन हा फरारी गुन्हेगार त्या वर्षी पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. तो काही गायक नव्हता. हेन्झेल आणि सहलेखक ट्रेव्हर रोन यांनी त्याला सत्तरच्या दशकात आणलं, खेड्यातून शहरात आलेला गायक केलं, आणि भूमिका दिली रेगे गायक जिमी क्लिफला. माझ्या मते सिनेमाची खरी ताकद या बदलात आहे. कारण आता गोष्ट नुसत्या बंदुकीची राहत नाही, रेकॉर्ड कंपनीच्या हिशेबाचीही होते: आयव्हनला गाण्याचे मिळतात जेमतेम २० डॉलर.

शहरात आल्या आल्या तो थिएटरात ‘जँगो’च बघतो. हिरो शेवटच्या रिळापर्यंत मरत नसतो, हे तिथेच त्याच्या कानावर पडतं. पुढे फरार असताना दोन्ही हातांत पिस्तुलं धरून तो ऐटीत फोटो काढून घेतो. शेवटी किनाऱ्यावर पोलीस त्याला घेरतात, तेव्हा मध्येच थिएटरातले तेच प्रेक्षक दिसतात.

किंग्स्टनच्या ‘कॅरिब’ थिएटरात पहिल्या खेळाला लोटलेली गर्दी आवरता आवरेना. आपली माणसं, आपली पात्वा बोली मोठ्या पडद्यावर! (अमेरिकेत त्याच बोलीखाली इंग्रजी सबटायटल्स द्यावी लागली. या बोलीतला ‘गांजा’ हा शब्द तरी आपल्याला सबटायटलशिवाय कळतो. १८४५ पासून तिकडे गेलेल्या भारतीय गिरमिटियांनी, म्हणजे करारावरच्या मजुरांनी, तो नेलेला.) केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये हा सिनेमा मध्यरात्रीच्या खेळांना वर्षानुवर्षं चालला. क्लिफ आणि ‘मेटल्स’, ‘मेलोडियन्स’ हे गायकगट यांच्या सिनेमातल्या गाण्यांची रेकॉर्ड तर बॉब मार्लीच्या ‘कॅच अ फायर’ या अल्बमच्याही आधी परदेशी घरांत पोचली.

पुढे ‘रॉकर्स’ या सिनेमात (१९७८) ड्रमर ‘हॉर्समाउथ’ वॉलेससह खरे वादक आपापल्या नावानेच वावरले. लंडनमधल्या कृष्णवर्णीय पोरांवरच्या ‘बॅबिलन’ या सिनेमाला (१९८०) मात्र ब्रिटनमध्ये ‘एक्स’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे ज्यांची गोष्ट, त्या वयाच्या बऱ्याच पोरांना थिएटरचं दार बंद. अमेरिकेत तो रीतसर प्रदर्शित व्हायला २०१९ उजाडलं.