होम स्टुडिओ (घरगुती ध्वनिमुद्रण)

होम स्टुडिओ म्हणजे राहत्या घरातच कमी खर्चात संगीत तयार करायची आणि रेकॉर्ड करायची सोय. माइक, ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडायचं खोकं), कॉम्प्युटर, हेडफोन हे सामान आता सगळ्यांच्या ओळखीचं आहे, त्याची यादी इथे देत नाही. पण घरात नुसता आवाज टेप केला की होम स्टुडिओ झाला असं धरलं तर व्याख्या फारच सैल होते. वाजवणारा आणि रेकॉर्ड करणारा माणूस एकच असणं, आणि आधी भरलेला भाग ऐकत त्यावर पुढचा भाग चढवता येणं (ओव्हरडब), या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच या नोंदीत त्याला होम स्टुडिओ म्हटलंय.

सुरुवात कुठून धरायची यावर मात्र एकमत नाही. काही जण थेट एडिसनच्या फोनोग्राफपर्यंत (१८७७) मागे जातात, कारण त्याच्या पुढच्या मेणाच्या सिलिंडरवर घरच्या घरी गाणं-बोलणं भरता यायचं आणि नंतर आलेल्या तबकडीच्या ग्रामोफोनवर ती सोय गेली, तो फक्त ऐकायचा राहिला. मुद्दा बरोबर आहे, पण सिलिंडरवर जे काय भरायचं ते एकदाच, थर चढवणं त्यात नव्हतं. दुसरे लोक जॅझवादक सिडनी बेशेचं नाव घेतात. त्यानं १९४१ मध्ये सहा वाद्यं एकट्यानं एकावर एक वाजवून रेकॉर्ड केली होती, पण ती आरसीए व्हिक्टर कंपनीच्या स्टुडिओत, कंपनीच्या माणसांच्या मदतीनं. त्यामुळे बहुतेक अभ्यासक गिटारवादक लेस पॉलच्या हॉलिवूडमधल्या गॅरेजपाशी येऊन थांबतात आणि तेच जास्त पटतं. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो तिथे एका तबकडीवर गिटार भरायचा, ती वाजत असताना सोबत दुसरा भाग वाजवून दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यायचा, मग तिसऱ्या, मग चौथ्या. तबकडीवर आवाज कोरायचं यंत्र त्यानं स्वतः बनवलं होतं, त्याला कॅडिलॅक गाडीचं फ्लायव्हील लावलं होतं असं सांगतात. एक सूर चुकला की सगळं पहिल्यापासून. अशी केलेली पहिली रेकॉर्ड कॅपिटॉल कंपनीनं १९४८ मध्ये काढली.

मल्टिट्रॅकचा (एकाच टेपवर अनेक भाग वेगवेगळ्या पट्ट्यांत, म्हणजे ट्रॅकवर, भरण्याचा) शोधही सरसकट लेस पॉलच्याच नावावर टाकतात, तिथे थोडं थांबायला हवं. टेपमशीन हातात आल्यावर त्यानं त्यात एक जादा हेड (टेपवर आवाज उमटवणारा किंवा वाचणारा भाग) बसवून थर चढवायची युक्ती केली हे खरंच, पण त्यात नवा थर चढताना जुना पुसला जायचा, म्हणजे मागे फिरायची वाट नाही. वेगवेगळे ट्रॅक स्वतंत्र ठेवायचे तर अडचण वेगळी होती. टेपमशीनमध्ये रेकॉर्ड करायचं हेड आधी येतं आणि ऐकवायचं हेड नंतर, दोघांत अंतर असतं, टेप सेकंदाला १५ इंच धावतेय आणि अंतर दीड इंच आहे असं धरलं तर जुना ट्रॅक ऐकून वाजवलेला नवा ट्रॅक सेकंदाच्या दहाव्या भागानं मागे पडतो, आणि तालात एवढं मागे पडणं कुणालाही कळतं. यावर तोडगा काढला टेपमशीन बनवणाऱ्या अँपेक्स कंपनीतल्या रॉस स्नायडरनं: जुने ट्रॅक रेकॉर्ड हेडवरूनच ऐकायचे, मग अंतराचा प्रश्नच येत नाही. या सोयीला सेल-सिंक म्हणतात. त्या जातीचं आठ ट्रॅकचं मशीन १९५७ मध्ये लेस पॉलकडेच गेलं, श्रेयाचा गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा. गरज पॉलची आणि उपाय स्नायडरचा, अशी वाटणी योग्य वाटते.

ही मशीनं अवाढव्य आणि महाग होती. कमी बजेटमधलं घरगुती रेकॉर्डिंग खऱ्या अर्थानं सुरू झालं ते १९७९ मध्ये, टीअॅक कंपनीचं पोर्टास्टुडिओ १४४ आल्यावर. साधी कॅसेट, पण चारही ट्रॅक एकाच दिशेनं वापरलेले आणि टेप नेहमीच्या दुप्पट वेगानं (सेकंदाला पावणेचार इंच) धावणारी, शिवाय मिक्सर त्याच खोक्यात. चार ट्रॅक कमी पडले की तीन भरायचे, ते मिक्स करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिन्हींवर परत नवीन भरायचं, याला बाउन्स करणं म्हणतात. प्रत्येक बाउन्सला टेपची सरसर वाढते आणि एकदा उतरवलेल्या भागांचं आपसातलं माप नंतर बदलता येत नाही, त्यामुळे ड्रम किती मोठा आणि बेस किती बारीक हे गाणं अर्धं व्हायच्या आतच ठरवून मोकळं व्हावं लागायचं, आणि ही शिस्त आजही शिकण्यासारखी आहे. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीननं १९८२ चा ‘नेब्रास्का’ अल्बम याच मशीनवर, दोन साध्या डायनॅमिक माइकवर घरी भरला. तो खरं तर नमुना म्हणून होता, नंतर तीच गाणी स्टुडिओत बँडबरोबर करून पाहिली, पण घरच्या टेपमधली जान त्यात येईना म्हणून शेवटी कॅसेटच छापली गेली.

१९८३ मध्ये मिडी (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची ठरलेली पद्धत) आलं, १९८५ मध्ये मिडीची भोकं अंगातच असलेला अटारी एसटी कॉम्प्युटर आला, १९९० च्या दशकात हार्ड डिस्कवर रेकॉर्डिंग घरापर्यंत पोचलं. २००० मध्ये ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळायला लागलं आणि २००४ मध्ये तसंच गॅरेजबँड अॅपलच्या कॉम्प्युटरबरोबर आलं. ट्रॅकची टंचाई संपली ती कायमचीच.

स्नायडरनं सोडवलेला उशीर मात्र कॉम्प्युटरमध्ये नव्या नावानं परत आला: लेटन्सी. कॉम्प्युटर आवाजाचे नमुने (सेकंदाला हजारो वेळा घेतलेली मापं) एकेक करून हाताळत नाही, गठ्ठ्यानं हाताळतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि बफर २५६ चा असेल तर एका गठ्ठ्याला ५.८ मिलिसेकंद लागतात, आत येताना एक आणि बाहेर जाताना एक म्हणजे साधारण १२, इंटरफेसचा स्वतःचा वेळ वेगळा. आवाज हवेत ३ मिलिसेकंदात सुमारे एक मीटर जातो, तेव्हा हे चार मीटर लांब ठेवलेल्या अँप्लिफायरसमोर वाजवल्यासारखंच झालं, गिटारवाल्याला चालून जातं. गाणाऱ्याला मात्र त्रास होतो, कारण त्याचा आवाज त्याला डोक्याच्या हाडांतून लगेच ऐकू येतो आणि हेडफोनमधून उशिरा. उपाय म्हणजे रेकॉर्ड करताना बफर लहान ठेवायचा आणि मिक्स करताना मोठा, किंवा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरायचं, त्यात आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता सरळ कानात येतो.

उरली खोली, आणि खरी अडचण तीच आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये तीन मीटर अंतर असेल तर ५७ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्यांच्यात अडकून घुमतो, शिवाय त्याच्या पटीतले, ११४, १७१ वगैरे. म्हणून लहान खोलीत बेसचा एक सूर दणदणीत येतो आणि शेजारचाच गायब होतो. लोक भिंतींना पातळ फोम चिकटवतात, तो टाळी वाजवल्यावरचा खणखणाट शोषतो पण १०० हर्ट्झची लाट ३.४ मीटर लांब असते, तिला तो जवळजवळ हातही लावत नाही, त्यामुळे खोली आणखीच घुसमटलेली वाटते. कोपऱ्यात जाड रॉकवूल (दगडाच्या धाग्यांची लोकर), भरलेलं पुस्तकांचं कपाट, उभी केलेली गादी यांचा उपयोग त्यापेक्षा कितीतरी जास्त होतो. आवाज शोषणं आणि बाहेर जाऊ न देणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, अंड्यांच्या ट्रेनं त्यातली दुसरी बिलकुल होत नाही. खोलीशी भांडायच्या ऐवजी तिचा वापर करून घेतल्याचं उदाहरण म्हणजे ब्रिटिश रेकॉर्ड निर्माता जो मीक: लंडनला चामड्याच्या सामानाच्या दुकानावरच्या फ्लॅटमध्ये तो बाथरूमचा आणि जिन्याचासुद्धा रेकॉर्डिंगसाठी वापर करायचा, आणि तिथून निघालेलं एक वाद्यसंगीत १९६२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरवर गेलं.

माइक निवडतानाही खोलीच बघावी. कंडेन्सर माइक बारकावे छान पकडतो, पण त्याबरोबर पंखा, फ्रिज आणि भिंतींचा घुमारा पण पकडतो. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच पुरवलेली वीज) लागते. हा आकडा १९६६ च्या सुमारास नॉयमान कंपनीनं नॉर्वेच्या रेडिओसाठी केलेल्या माइकपासून रुळला, तिथल्या स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची लाइन आधीच होती. डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरला तर खोली बरीच मागे राहते. तोंड आणि माइकमधलं अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो आणि खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. फक्त फार जवळ गेलं की खर्ज फुगतो, तो नंतर कमी करावा लागतो.

मिक्स आणि मास्टरिंग (मिक्स झालेल्या गाण्यावरून फिरवायचा शेवटचा हात) ही कामं मात्र घरात रेकॉर्ड करणारेही पुष्कळदा बाहेर देतात. २०२० मध्ये ग्रॅमीचा अल्बम ऑफ द इयर मिळालेला बिली आयलिशचा अल्बम बहुतेक सगळा तिचा भाऊ फिनियसच्या बेडरूममध्ये भरला होता, पण त्याचं मिक्सिंग आणि मास्टरिंग बाहेरच्या वेगवेगळ्या इंजिनिअरनी केलं.