दोर आठ जणांचा, जोर चौघांचा

उसाची ट्रॉली काळ्या मातीत रुतली की आसपासच्या रानातले आठ-दहा जण धावून येतात, दोर बांधला जातो, आणि तरीही ट्रॉली जागची हलत नाही, हा अनुभव मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवा नाही. मग कोणीतरी ‘हैश्या’ची ललकारी देतो, सगळ्यांचा जोर एका क्षणी लागतो आणि चाक चिखलातून वर येते.

फ्रान्समधील कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून हाच जोर मोजला आणि १९१३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकट्या माणसाचा जोर १०० मानला, तर दोघांनी मिळून ओढताना प्रत्येकाचा सरासरी जोर ९३, तिघांत ८५ आणि आठ जणांत अवघा ४९ भरला. म्हणजे दोराला आठ माणसे आणि प्रत्यक्ष ताकद चौघांची. ललकारी नसल्यामुळे, म्हणजे जोर एकाच वेळी न लागल्यामुळे, ही घट होत असावी, असे वाटणे साहजिक आहे आणि ते काही अंशी खरेही आहे. मात्र १९७४ साली अमेरिकेतील संशोधकांनी एका व्यक्तीचे डोळे बांधून तिला दोराच्या पुढच्या टोकाशी उभे केले; मागची माणसे ओढण्याचे केवळ सोंग करत होती. ताळमेळ चुकण्याचा प्रश्नच नव्हता, तरीही मागे इतर जण आहेत एवढ्या समजुतीनेच त्या व्यक्तीचा जोर कमी झाला. मानसशास्त्रात याला सामाजिक आळस म्हणतात, पण मला हा शब्द अन्यायकारक वाटतो, कारण तीच माणसे एकटी असताना पूर्ण ताकद लावत होती.

पुढे १९८१ साली आवाजावरच्या प्रयोगांत असे दिसले, की समूहात ओरडतानाही आपला आवाज स्वतंत्र मोजला जातो आहे अशी खात्री असेल, तर ही घट जवळजवळ नाहीशी होते. आपल्या कार्यालयांत मात्र ‘सर्वांनी लक्ष घालावे’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर पडतो, बारा अंगठे उमटतात आणि काम आहे तिथेच राहते. मी स्वतः असे निरोप वर्षानुवर्षे पाठवले आणि दोष सहकाऱ्यांना दिला, याची मला खंत आहे.

जालना-परभणीकडच्या कापसाच्या रानात खुरपणी पाहिली तर व्यवस्था वेगळी दिसते. बायका ओळीने बसतात, प्रत्येकीची पात, म्हणजे तिने खुरपायचा पट्टा, ठरलेली असते, आणि कोणाची पात पुढे गेली, कोणाच्या पातीत तण राहिले, हे कोणी वही घेऊन उभे न राहता सगळ्यांना दिसते. कॅमेरे लावून किंवा दर तासाला हिशेब मागून हे साधत नाही. कामाची वाटणीच अशी करावी लागते की प्रत्येकाचा वाटा उघड दिसेल. स्टीव्हन कराऊ आणि किपलिंग विल्यम्स यांनी १९९३ साली ७८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा काम अर्थपूर्ण वाटत असेल आणि सोबतची माणसे जवळची असतील तिथे ही घट कमी आढळली. त्याआधी १९९१ साली याच दोघांनी दाखवले होते, की काम महत्त्वाचे वाटत असेल आणि सोबती मागे पडेल अशी शंका असेल, तर माणूस एकट्याने करताना लावतो त्याहून अधिक कष्ट घेतो. खुरपणीच्या रानात हे रोज घडते: जिची पात आधी संपते, ती बांधावर न टेकता वळते आणि मागे राहिलेल्या बाईच्या पातीला समोरून खुरपे लावते.